मुदत संपलेल्या नांवांचा लिलाव

मुंबईत दुकानाचा गाळा हातबदल होतो तेव्हां भाड्याखेरीज पागडीहि मोजावी लागते, हें आपणांस सांगावयास नको. भाडें चार भिंतींचें. पागडी मात्र त्या दारांत येण्याची गिऱ्हाइकांना जी संवय जडलेली असते तिची. आज ज्या बाजाराची हकीकत मी सांगणार आहें, तो बाजारहि पागडीचाच आहे. फरक एवढाच कीं, ज्यानें गिऱ्हाइकांना ती संवय लावली त्याच्या हातीं येथें बहुधा एक छदामहि पडत नाहीं.

इंटरनेटवरील यंत्रांना अंकांचे पत्ते असतात. ते माणसाच्या ध्यानांत राहत नाहींत, म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं नांवांची पद्धति रचली. या नांवांस डोमेन म्हणतात. ‘डॉट कॉम’ कुळांतलें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें घेतलें. त्या काळीं नांवाला दाम पडत नसे. मागावें, नोंदवहींत चढावें, कीं झालें. दाम नाहीं म्हणून मुदत नाहीं, आणि मुदत नाहीं म्हणून थकबाकीहि नाहीं.

सप्टेंबर १९९५ मध्यें हें पालटलें. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकन सरकारी संस्थेच्या करारानें नोंदणीचें काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीनें दर नांवास दोन वर्षांचे शंभर डॉलर आकारावयास आरंभ केला. नांव हें जणूं वतन होतें, त्याचा त्या दिवशीं मक्ता झाला. पुढच्याच वर्षीं फी न भरल्यामुळें ९,२७२ संस्थांचीं नांवें बंद पडलीं.

थकबाकीदार सगळेच दुबळे होते असें नव्हे. १९९९ च्या नाताळांत मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनें ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नांवाचे पस्तीस डॉलर भरले नाहींत. त्याच नांवावर हॉटमेलचा दरवाजा टांगलेला होता. तेव्हां पुष्कळांना आपलीं पत्रें वाचतां येईनात. अखेर कंपनीशीं कसलाहि संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरानें पदरचे पस्तीस डॉलर भरले आणि दार उघडलें. तो सज्जन निघाला, एवढेंच कंपनीचें दैव.

गळालेलें नांव पकडण्याची शर्यत याच सुमारास सुरू झाली. मूळ नोंदवहींतून नांव पुसलें जातें त्या क्षणीं जो प्रथम मागेल त्याला तें मिळे. ‘डॉट कॉम’चीं नांवें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारीं दोनच्या पुढें, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास, सुटत. माणसाचा हात तेथें काय पुरणार! २००० सालीं निघालेल्या स्नॅपनेम्ससारख्या कंपन्यांनीं यंत्रें लाविलीं, आणि तीं एकेका नांवासाठीं क्षणांत असंख्य मागण्या करूं लागलीं. २००१ त या भडिमारानें मूळ नोंदवहीचीं यंत्रें टेकीस आलीं. नोंदणीदाराचा परवाना जितका जास्त तितकी मागणीची वाट रुंद, हें ओळखून कित्येकांनीं शेंकडों परवाने घेतले. पकडलेलें नांव दोघांतिघांना हवें असलें, कीं त्यांच्यांत बोली लागे. शर्यतीच्या पोटीं लिलाव जन्मला तो असा.

निष्काळजी मालकांची दया येऊन म्हणा, कीं तक्रारींना कंटाळून म्हणा, २००३ पासून ‘डॉट कॉम’च्या गळालेल्या नांवास तीस दिवसांची सवलत मिळूं लागली. जबर दंड भरून मालकानें तें सोडवून न्यावें. न नेल्यास आणखी पांच दिवसांनीं तें पुसलें जाई. परंतु नोंदणीदार तोंवर थांबतात कशाला? २००४ च्या सुमारास त्यांनीं नवी वाट काढली. मुदत संपून थोडे दिवस होतात न होतात तोंच, पुसण्यापूर्वींच, ते स्वतः नांव लिलावांत काढूं लागले. एकवार, दोनवार, तीनवार. आणि पैसा मध्यस्थाच्या पेटींत. मालकाला फीच्या सूचना गेलेल्या असतात खऱ्या, पण त्या पुष्कळदां बंद पडलेल्या ई-मेल पत्त्यावर!

लिलाव म्हटला कीं खोटी बोली आलीच. २००९ च्या नोव्हेंबरांत स्नॅपनेम्सनें स्वतःच जाहीर केलें, कीं तिच्याच पदरचा एक नोकर २००५ पासून टोपण नांवानें बोली वाढवीत होता. ज्यांना त्यामुळें जादा दाम पडला त्यांना तो सव्याज परत करावा लागला.

मुंबई उच्च न्यायालयानें १९९९ सालींच रेडिफच्या खटल्यांत असें मानलें होतें, कीं डोमेन हा नुसता पत्ता नव्हे, ती मोलाची मालमत्ता होऊं शकते. तें योग्यच होतें. पण मालमत्ता जर पत्त्यावर जडलेल्या विश्वासाची असेल, तर लिलावांत विकला जातो तो विश्वासच. खरेदीदार कांहीं वेळां जुन्या नांवाची ओळख वापरून जुगाराच्या जाहिराती लावतो. त्याहून नाजुक गोष्ट अशी, कीं जुन्या मालकाच्या नांवें येणारी पत्रेंहि आतां त्याच्याच दारीं पडूं शकतात. विकणारा त्याविषयीं एक अक्षर बोलत नाहीं, हें मला खटकतें.

‘डॉट मोबी’ कुळांतील नांवांची चौकशी ज्या यंत्राकडे होत असे, त्याचें जुनें नांव डिसेंबर २०२३ मध्यें मुदत संपून गळालें. २०२४ त कांहीं सुरक्षा-संशोधकांनीं तें वीस डॉलरांत उचललें; बोलीची वेळच आली नाहीं. त्यांनीं तेथें आपलें यंत्र उभें करतांच थोड्याच दिवसांत १,३५,००० हून अधिक निरनिराळीं यंत्रें, त्यांत सरकारी व लष्करी टपालयंत्रेंहि, तें जुनेंच अधिकृत दार समजून तेथें चौकशीला येऊन गेलीं.