आकड्याच्या मागे चालणारी आकृती

सोलापुरी चादरीवरची नक्षी आपल्या वर्गातल्या मुलांनी पाहिलेली असते. जॅकार्ड मागावर ती विणण्यासाठी आधी चौकटीच्या कागदावर आराखडा भरतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात आणि भोकांनुसार उभे धागे उचलले जातात. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ जॅकार्डने ही पद्धत रूढ केली. तिच्यात एक अडचण आहे. फूल दुप्पट धाग्यांवर हवे असेल, तर आराखडा नव्याने भरावा लागतो आणि कार्डेही नव्याने पाडावी लागतात. कार्डांना भोके ठाऊक असतात, 'फुलाची रुंदी' ठाऊक नसते.

यंत्रभागांच्या संगणकी आराखड्यांची गतही बरीच वर्षे अशीच होती. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' सादर केले. त्यात 'या दोन रेषा समांतर ठेव' अशा अटी संगणकाला घालता येत. पण पुढे कारखान्यांत पोचलेल्या बहुतेक प्रणालींत माप म्हणजे काढून झालेल्या रेषेवर डकवलेली चिठ्ठीच असे. १९८८ मध्ये गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनने 'प्रो-इंजिनियर' आणले आणि क्रम उलटला. आकडा बदला, आकृती त्यामागे बदलते. अशा मापाला 'चालक माप' म्हणू या.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. शुल्बसूत्रांतील चितीचे मूळ माप 'पुरुष', म्हणजे हात वर केलेल्या यजमानाची उंची. पहिली चिती साडेसात चौरस पुरुषांची, पुढची साडेआठ. आकार मात्र तोच. बौधायनाची युक्ती अशी, की वाढीव क्षेत्राचे १५ भाग करून त्यांतले २ प्रत्येक चौरस पुरुषात मिळवायचे. म्हणजे नव्या एककाचे क्षेत्र जुन्याच्या १७/१५ पट झाले. एकक सुमारे साडेसहा टक्क्यांनी लांबले की सारी चिती प्रमाणात वाढते. बौधायनाला संगणक सुचला होता असा याचा अर्थ नव्हे. पण एका मापावर बाकीची मापे टांगण्याची रीत जुनी आहे.

मग कोणते माप चालक ठेवायचे? समजा, ८० मिलिमीटर लांब पट्टीच्या मध्यावर भोक हवे आहे. 'कडेपासून ४०' असे लिहिले आणि पुढे लांबी १०० केली, तर भोक ४० वरच राहील, मध्य हुकेल. 'लांबीच्या निम्मे' असे लिहिले तर ते आपोआप ५० वर सरकेल. पहिल्या पट्टीत दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात. चूक उघडी पडते ती बदल करताना, आणि कारखान्यात तोवर कदाचित धातू कापून झालेला असतो.

एका प्रणालीतून दुसरीत नेलेल्या आराखड्यात तर हे संबंध बहुधा गळून पडतात आणि नुसता आकार उरतो. त्यातली भोके, खाचा ओळखून त्यांची मापे पुन्हा चालक करणारे 'फीचरवर्क्स' हे सॉफ्टवेअर मुंबईच्या जिऑमेट्रिक कंपनीने तयार केले होते.

वर्गात यासाठी संगणक लागत नाही. ३ आणि ४ सेंटिमीटर बाजू व त्यांमधला काटकोन दिला, की कर्ण ५ ठरलाच. तो चालक नव्हे, अनुगामी. कोणी कर्ण ६ सांगितला, तर तसा त्रिकोण होणारच नाही. उलट ३, ४, ५ या बाजू दिल्या तर काटकोन अनुगामी ठरतो. एकरूपतेच्या कसोट्या पाठ करून घेण्याआधी मुलांना एवढेच विचारून पाहा: हा त्रिकोण दुसऱ्या गावच्या मित्राला काढायला सांगायचा, तर कमीत कमी कोणती मापे कळवाल?