मनाचे वैद्य कसे घडले



ताप चढला म्हणजे कोणाकडे जावें हें घरांतल्या लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु घरांतलें एखादें कर्तें माणूस अन्न टाकूं लागलें, रात्ररात्र जागूं लागलें, समोर कोणी नसतांना कोणाशीं तरी बोलूं लागलें, म्हणजे चांगलीं शिकलेलीं कुटुंबेंही भांबावून जातात. प्रथम हवापालट होतो, मग देवदेवस्की होते, मग 'दोनाचे चार हात केले म्हणजे सारें ठीक होईल' असा वडीलधाऱ्यांचा सल्ला पुढें येतो. डॉक्टराचें नांव निघतें तें अगदीं शेवटीं. याचा सारा दोष आपण लोकांच्या अज्ञानावर टाकतों. तो पुरता खोटा नाहीं, पण अपुरा आहे. ज्याच्याकडे जावें असा मनाचा वैद्यच या देशांत फार उशिरां तयार झाला. वेड्यांना ठेवण्यासाठीं भिंती आधीं उभ्या राहिल्या, आणि त्या भिंतींच्या आंतल्या माणसांना बरें कसें करावें हें शिकविणारें अखिल भारतीय विद्यालय निघावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तें कसें निघालें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें त्याच सालीं, म्हणजे १८५८ सालीं, हिंदुस्थानांत वेड्यांच्या आश्रयगृहांसंबंधीं कायदा झाला. मुंबईस कुलाब्याला असें एक गृह त्याच्याही आधींपासून होतें. पुढें ठाण्यास नौपाड्यांत नरोत्तम माधवदास यांच्या देणगीवर मोठें इस्पितळ उभें राहिलें. पुण्याजवळच्या येरवड्याचें तर नांवच लोकांच्या तोंडीं वेडाचें दुसरें नांव होऊन बसलें. कोणी जरा वेडेंवांकडें बोललें कीं 'याला ठाण्याला धाडा' किंवा 'येरवड्याला पोंचवा' असें आपण सहज म्हणतों. पण तेथें गेलेल्या माणसाला कोण भेटे, हें विचारण्याचें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं.

कोण भेटे? पहारेकरी भेटे. कित्येक वर्षें या संस्थांवरील देखरेख तुरुंगांच्या मुख्य अधिकाऱ्याकडे होती. ती वैद्यकीय खात्याकडे आली तीच मुळीं १९०५ च्या सुमारास. त्यानंतरही बहुतेक ठिकाणीं सिव्हिल सर्जनानें आपल्या इतर कामांतून वेळ काढून तेथें फेरी मारावी असाच प्रघात होता. हा गृहस्थ शस्त्रक्रियेंत वाकबगार असे, पटकीची साथ आटोक्यांत आणण्यांत निष्णात असे. परंतु मनाच्या रोगांचें पद्धतशीर शिक्षण त्याला कोणीं दिलेलें नसे. १९१२ सालीं नवा कायदा झाला, त्यांतही भर होता तो रोग्याला दाखल कसें करावें आणि कोणाच्या हुकुमानें ठेवावें यावर. इमारतींवरची पाटीही बदलली. 'वेड्यांचें आश्रयगृह' जाऊन 'मानसिक रुग्णालय' आलें. पाटी बदलणें सोपें होतें. आंत बसणारा माणूस बदलणें अवघड होतें.

युरोपांत हा बदल थोडा आधीं घडला. १८६५ सालीं ग्रीसिंगर नांवाचे जर्मन प्राध्यापक बर्लिनला आले. वेड हा मेंदूचा विकार आहे आणि म्हणून त्याची जागा वैद्यकाच्या विद्यापीठांत आहे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्यामागून आलेल्या क्रेपेलिन यांनीं रोग्यांच्या वर्षानुवर्षांच्या हकीकती टिपून, कोणता रोग कसा सुरू होतो आणि कोठें जाऊन थांबतो याची वर्गवारी लावली. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १९१३ सालीं उघडलेल्या चिकित्सालयांत ॲडॉल्फ मायर यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. रोग्याच्या जन्मापासूनचा आयुष्यक्रम सालवार मांडावयाचा. बाप कधीं वारला, नोकरी कधीं सुटली, मूल कधीं गेलें, आणि या साऱ्याच्या शेजारीं लक्षणें कधीं दिसूं लागलीं, हें एका कागदावर आणावयाचें, असें त्यांनीं विद्यार्थ्यांना शिकविलें. हा दिसावयास साधा कागद. पण त्यानें वैद्याची नजर रोगावरून रोग्याकडे वळविली. आजही मानसोपचार शिकणाऱ्या तरुण डॉक्टराला पहिला धडा मिळतो तो औषधांचा नव्हे, हकीकत घेण्याचा.

आपल्याकडे या शिक्षणाचें पहिलें बीज पडलें तें रांचीस. तेथें १९१८ सालीं केवळ युरोपियन रोग्यांसाठीं १७४ खाटांचें एक रुग्णालय उघडलें होतें. पुढच्याच वर्षीं ओवेन बर्कले-हिल हे लष्करी वैद्यकखात्यांतले डॉक्टर तेथें अधीक्षक म्हणून आले आणि १९३४ पर्यंत राहिले. त्यांनीं रोग्यांना हातकाम आणि खेळ यांची गोडी लावली. आणि १९२२ सालीं तेथील शिक्षणाला लंडन विद्यापीठाच्या मानसवैद्यक पदविकेसाठीं मान्यता मिळवून दिली. या देशांत राहून मानसवैद्यकाच्या पदविकेची तयारी करतां येईल अशी सोय यामुळें झाली. पण त्यांतील विसंगती लक्षांत घ्या. शिक्षणाचें केंद्र झालें तें मूठभर गोऱ्या रोग्यांच्या रुग्णालयांत, आणि परीक्षा होती लंडनची. रांचीपाशींच कांके येथें १९२५ सालीं हिंदी रोग्यांचें रुग्णालय निघालें. त्याचा भार जाल धनजीभाई या पारशी डॉक्टरांनीं वाहिला. तेथें रोग्यांची गर्दी फार मोठी, आणि साधनें त्या मानानें तुटपुंजीं. ज्यांच्यासाठीं वैद्य हवे होते ते एका आवारांत, आणि वैद्य घडविण्याची मान्यता दुसऱ्या आवारांत, असा हा प्रकार होता.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह शहरांतून वाहूं लागला होता, आणि त्याला भिंती नव्हत्या. कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. तेथले डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं मनोविश्लेषण मंडळ स्थापिलें. व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांच्याशीं त्यांचा बरोबरीच्या नात्यानें पत्रव्यवहार चाले. १९३३ सालीं कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. खोकल्याचा रोगी ज्या दारानें आंत जातो त्याच दारानें मनाच्या रोग्यानेंही जावें, ही कल्पना येथें प्रथम प्रत्यक्षांत आली. पांच वर्षांनीं, १९३८ सालीं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. के. के. मसानी यांनीं असाच विभाग सुरू केला. मुंबईंतच १९३६ सालीं टाटांच्या देणगीवर समाजकार्याचें पदव्युत्तर विद्यालय निघालें होतें आणि त्याला जोडून मुलांसाठीं मार्गदर्शन केंद्रही सुरू झालें होतें. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनीं एकाच टेबलाभोंवतीं बसून एका मुलाचा विचार करावा, ही पद्धत मुंबईला तेव्हांपासून परिचित झाली.

परंतु हे सारे प्रयत्न चाळीस कोटींच्या देशांत समुद्रांतल्या दिव्यांसारखे होते. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यास समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ सालीं बाहेर आला. मानसिक रुग्णालयांची पाहणी रांचीच्या युरोपियन रुग्णालयाचे अधीक्षक मूर टेलर यांनीं केली होती. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : बहुतेक इमारती कालबाह्य आहेत, त्या बांधल्या आहेत त्या कोंडून ठेवण्यासाठीं, बरें करण्यासाठीं नव्हे, आणि कामास माणसें लाजिरवाणीं कमी आहेत. समितीचे आंकडेही तसेच होते. साऱ्या देशांत मानसिक रुग्णालयांतील खाटा दहा हजारांहून थोड्या अधिक. इंग्लंडांत सुमारें ३०० माणसांमागें एक खाट, तर येथें सुमारें ४०,००० माणसांमागें एक. हजारीं दोन माणसें मनानें आजारी धरलीं तरी आठ लक्ष खाटा हव्यात, असा समितीचा हिशेब होता.

त्या आठ लक्ष खाटा कधींच झाल्या नाहींत. हें दुर्दैव मानावें कीं सुदैव, याचें उत्तर सोपें नाहीं. खाटा वाढल्या असत्या आणि वैद्य वाढले नसते, तर भिंतीच तेवढ्या लांबल्या असत्या. समितीच्या शिफारसींतला अधिक मोलाचा भाग हा, कीं तिनें माणसें तयार करण्याची भाषा बोलली : मानसवैद्यकाच्या पदविकेचें शिक्षण देशांत सुरू करा, मुंबई आणि कलकत्ता येथें त्यास लागणाऱ्या सोयींपैकीं कांहीं आहेतच, त्या वाढवा, आणि निवडक डॉक्टरांना परदेशीं पाठवा. १९४७ सालीं या शास्त्रांतल्या मूठभर मंडळींनीं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांची संस्था स्थापन केली. आणि १९५४ सालीं बंगलोरच्या जुन्या मानसिक रुग्णालयाला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक. संस्कृत आणि तत्त्वज्ञान यांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. १९५५ च्या आरंभीं तेथें पहिले विद्यार्थी आले.

या संस्थेचें वैशिष्ट्य असें कीं तेथें डॉक्टरांसाठीं मानसवैद्यकाची पदविका आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीं वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका, अशीं दोन शिक्षणें एकदमच सुरू झालीं. लवकरच परिचारिकांचें शिक्षणही त्यांत आलें. माणसाचा मेंदू पाहणारा आणि माणसाचें वर्तन पाहणारा, असे दोघेही एकाच रोग्याच्या उशाशीं शिकूं लागले. यास फार मोठा अर्थ आहे. मनाच्या रोगांत 'कारण' म्हणून एकच वस्तु हातीं लागत नाहीं. एकाच माणसांत आनुवंशिक दोष असतो, बालपणची भीति असते, कर्जाचा बोजा असतो आणि थायरॉईड ग्रंथीचा बिघाडही असतो. यांतलें कोणतें किती, हें ठरविण्यास एका शास्त्राची दृष्टि पुरत नाहीं.

शिक्षण देशांत आलें, त्याचा आणखी एक लाभ झाला. तो म्हणजे भाषेचा. पाठ्यपुस्तक इंग्रजींत, परीक्षा इंग्रजींत, पण रोग्याचें दुःख मात्र मातृभाषेंत. आपल्याकडची बाई 'मला विषण्णता आली आहे' असें कधींच म्हणत नाहीं. ती म्हणते, 'कशांतच जीव लागत नाहीं', 'काळजांत धस्स होतें', 'डोक्यांत मुंग्या येतात', 'कोणीतरी बाहेरचें केलें आहे'. यांतलें कोणतें वाक्य नुसता शोक आहे, कोणतें भय आहे आणि कोणतें भ्रमाचें लक्षण आहे, हें ओळखणें हीच या विद्येची खरी परीक्षा. लंडनच्या वॉर्डांत ती देतां येत नाहीं.

कुटुंबाचा धडाही असाच येथल्या मातींतला. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकविले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना तेथें राहावयास बोलाविलें. आईबाप, भाऊ, पत्नी यांच्यादेखत उपचार चालत. रोग म्हणजे काय, घरीं गेल्यावर कसें वागावें, हें त्यांना समजावून सांगितलें जाई. रोगी लौकर घरीं जाऊं लागले, आणि घरचीं माणसें त्यांना नेण्यास भिईनाशीं झालीं. पाश्चात्य देशांत नातेवाईक दाराबाहेर थांबत त्या काळांतली ही गोष्ट आहे.

याच दशकांत औषधांचीही क्रांति झाली. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सिद्ध झाला, आणि साखळ्यांनीं न आवरणारे रोगी गोळ्यांनीं शांत होऊं लागले. त्यामुळें सामान्य रुग्णालयांतले मानसोपचार विभाग झपाट्यानें वाढले आणि पदव्युत्तर शिक्षण भिंतींतून निघून वैद्यकीय महाविद्यालयांत आलें. १९७४ सालीं बंगलोरची संस्था आणि तेथील जुनें रुग्णालय एकत्र होऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे आजची 'निम्हान्स', झाली. पण याच सुमारास जाणत्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं तीन वर्षें शिकलेला तज्ज्ञ खेडोपाडीं पोंचणार नाहीं. म्हणून १९७५ पासून बंगलोरजवळील साकलवाडा आणि चंडीगडजवळील रायपूर राणी येथें प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि सेवकांना थोडक्यांत हें शिक्षण देण्याचे प्रयोग झाले. १९८२ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया त्यांवरच घातला गेला.

एवढें होऊनही हिशेब जुळलेला नाहीं. देशांत आज लाख माणसांमागें एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाहीं. २०१५-१६ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत बहुतेक मनोविकारांचे बहुसंख्य रोगी कोणत्याही उपचारावांचून आढळले. २०१७ च्या कायद्यानें उपचार हा रोग्याचा हक्क ठरविला आहे. पण हक्क बजावावयास समोर माणूस हवा, आणि माणूस कायद्यानें निर्माण होत नाहीं. तो हळूहळू, एकेका रोग्याची हकीकत ऐकत, एकेका गुरूच्या देखरेखीखालीं घडतो.

म्हणून या प्रश्नाचा एक भाग आपल्याही घरांत आहे. बुद्धिमान मुलगा वा मुलगी वैद्यकाची पदवी घेऊन 'मी मानसोपचार शिकतें' असें म्हणूं लागली, तर अजूनही कांहीं घरांत चेहरे उतरतात. 'एवढें शिकून वेड्यांत बसणार का?' असा प्रश्न येतो. हृदयाचा वैद्य होणारास आपण पेढे वांटतों. मनाचा वैद्य होणाराचें मात्र समाधान करूं लागतों. रांची, कलकत्ता, मुंबई, बंगलोर आणि अमृतसर येथें ज्यांनीं हें शास्त्र येथल्या भाषेंत आणि येथल्या कुटुंबांत रुजविलें, त्यांची संख्या नेहमींच थोडी होती. ती वाढावी असें वाटत असेल, तर त्या मुलीला त्या दिवशीं 'बरें केलेंस' एवढें म्हणणाऱ्या घरांची संख्या आधीं वाढली पाहिजे.