पद, पुस्तिका आणि न्यायासन : एका अर्थनिर्णयाचा इतिहास

गीतावर बंदी घालू पाहणाऱ्या सत्तेला प्रथम त्या गीताचा अर्थ निश्चित करावा लागतो. अभिव्यक्तीवरील नियंत्रणाचा इतिहास म्हणूनच समीक्षेच्याही इतिहासाचा भाग ठरतो. गणेश दामोदर सावरकर यांच्यावर १९०९ मध्ये चाललेला खटला या दृष्टीने उद्बोधक आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनी राजकीय आशयाला गाण्याची वाट करून दिली होती. सभेत उघडपणे बोलल्यास जे १२४ अ या राजद्रोहाच्या कलमाखाली आले असते, ते पुराणकथेच्या वा शिवचरित्राच्या आवरणातून चालीवर गाता येई. दैत्य कोण, हे गाणाऱ्याने सांगण्याचे कारण नव्हते. ऐकणारे ते जाणत. अर्थ केवळ शब्दांत नव्हता. पद, चाल, प्रसंग आणि श्रोतृसमूह यांच्या संबंधांतून तो सिद्ध होई.

मुद्रणाने ही स्थिती पालटली. गायलेले पद हवेत विरते. छापलेले पद पुरावा म्हणून दाखल होते. ‘लघु अभिनव भारत माला’ (१९०८) या पुस्तिकेतील पदांबद्दल सावरकरांवर राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांना झालेली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा नोव्हेंबर १९०९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली. निर्णय देणाऱ्यांत न्या. नारायण गणेश चंदावरकर होते. ते मराठी जाणणारे आणि प्रार्थनासमाजाचे अग्रणी. देवांची आणि शिवाजीची नावे केवळ निमित्तमात्र असून परकी सत्तेविरुद्ध शस्त्र धरा, हाच पदांचा खरा आशय होय, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

हे वाचन चुकीचे होते असे म्हणणे कठीण आहे. मेळ्यातील श्रोताही बहुधा हाच अर्थ घेई. रूपकाचे संरक्षण राज्यकर्त्यांच्या अपरिचयावर विसंबलेले होते. संकेत जाणणारा वाचक न्यायासनावर बसताच ते गळून पडले. परंतु श्रोत्यासाठी भक्ती, इतिहासस्मृती आणि आवाहन ही एकाच अनुभवाची अंगे होती. न्यायालयाने त्यांतील एक आज्ञा तेवढी वेगळी काढली आणि उरलेले टरफल मानले.

खेदाची गोष्ट ही की, आपल्या वाङ्मयेतिहासानेही या पदांना ‘राष्ट्रीय कविता’ म्हणून गौरविताना बहुधा हीच पद्धत स्वीकारली. न्यायालयाने ज्याला अपराध म्हटले त्याला आपण देशभक्ती म्हटले. मूल्य बदलले, वाचन तेच राहिले. निमित्तमात्र ठरवलेल्या रूपकाचा आणि चालीचा विचार मात्र अद्याप व्हावयाचा आहे.