सिरोंचा

गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. गाव प्राणहितेच्या काठी आहे. थोडे खाली कालेश्वरसमोर ती गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावतीही येऊन मिळते. तालुक्यात तेलुगूचा प्रभाव मोठा. जंगलपट्ट्यात गोंड व माडिया वस्ती. नदीकाठी जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत.

सिरोंचाचे महत्त्व इंग्रजांच्या नदीवेडातून वाढले आणि ते वेड ओसरताच संपले. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाल्यावर चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांकडे आला, तरी दक्षिणेकडची अरण्ये जमीनदारांच्याच ताब्यात राहिली. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी १८५८ मध्ये उठाव केला. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यांना नुसत्या फौजेच्या बळावर बाबुराव सापडले नाहीत. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंची मदत घ्यावी लागली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निसटले, पण १८६० मध्ये पकडले गेले.

त्याच वर्षीच्या करारात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि धाराशिव व रायचूर दुआब परत मिळवले. मराठवाड्याच्या इतिहासात या अदलाबदलीचा उल्लेख असतो. तिचे दुसरे टोक सिरोंचात आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नव्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. बस्तर संस्थानावरची देखरेखही इथूनच होई. डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचा बस्तरवरील १८६२ चा अहवाल अभ्यासकांना आजही लागतो.

इंग्रजांना हवी होती ती नदी. नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीवरून थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, ही अभियंता आर्थर कॉटन यांची योजना. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस दुर्मिळ झाल्याने तिला जोर चढला. वाटेत खडकाळ धावत्यांचे तीन अडसर होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. अभियंता हेग यांच्या देखरेखीखाली बंधारे-कालव्यांची कामे सुरू झाली. पण नदीत वर्षातले काही महिनेच पुरेसे पाणी असे, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये योजना गुंडाळली. एवढा पैसा नदीत घालण्यापूर्वी रेल्वेचा नकाशा कुणी नीट पाहिला असता, तर बरे झाले असते.

१८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याची तहसील उरली. १९०७ मध्ये चेर्ला, अलबाका व नुगूर हे सुमारे १,५६० चौ. किमी.चे भाग मद्रास प्रांताला गेले. दुष्काळांच्या दशकात चांदा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जवळजवळ सात लाखांवरून १९०१ मध्ये सहा लाखांवर आली. जमीनदाऱ्या १९५१ मध्ये संपल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती.

मुख्य व्यवसाय शेती. भात, मिरची व कापूस ही पिके. तेंदूपत्ता व बांबू हे वनउत्पन्न.

सिरोंचाजवळ गोदावरीवर मेडीगड्डा येथे तेलंगणाने बांधलेल्या बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. जुरासिक काळातील ‘कोटा’ शैलसमूहाला याच तालुक्यातील कोटा गावाचे नाव आहे. वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.