श्रवणातून उभे राहिलेले विद्यापीठ : गुलाबराव महाराज

वऱ्हाडातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, लोणी टाकळी या गावी, आजोळी, ६ जुलै १८८१ रोजी गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे, कुणबी शेतकऱ्यांचे. अवघ्या नऊ महिन्यांच्या या बाळाची दृष्टी डोळ्यांत घातलेल्या चुकीच्या औषधाने कायमची गेली, आणि पुढे चौथ्या वर्षी आईही गेल्यामुळे त्याचे बालपण लोणी टाकळीलाच आजीच्या छायेत सरले. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, आणि विद्या म्हणजे पाटी, पुस्तक व परीक्षा हे समीकरण गावोगाव रुजू लागले होते. या समीकरणात न बसणाऱ्या मुलाने केवळ श्रवणाच्या बळावर शास्त्रे आत्मसात करावीत, ही त्या काळाच्या इतिहासातील असामान्य घटना होय. दुसऱ्याने वाचावे, त्यांनी ऐकावे, आणि ऐकलेले मनात असे ठसावे की पुढे त्यावर स्वतंत्र ग्रंथ सांगता यावा, असा हा क्रम होता. ‘प्रज्ञाचक्षु’, म्हणजे बुद्धी हाच ज्याचा डोळा, ही उपाधी त्यांना म्हणूनच शोभते.

१९०१ मध्ये ज्ञानेश्वरांनी आपल्याला स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाची पत्नी या भावाने कुंकू व मंगळसूत्र धारण करीत. जीव व ब्रह्म एकच आहेत हा अद्वैताचा सिद्धान्त आणि देवाला प्रियकर मानणारी मधुरा भक्ती यांचा त्यांनी घातलेला मेळ ‘मधुराद्वैत’ या नावाने ओळखला जातो.

डार्विन आणि स्पेन्सर यांची मतेही त्यांनी समजून घेतली व त्यांचे सविस्तर खंडन केले. ते सारेच खंडन आज मान्य होईल असे नाही. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट जाणून मगच उत्तर देण्याची त्यांची रीत ही खऱ्या विद्यार्थ्याची रीत होती. ‘संप्रदायसुरतरु’, ‘साधुबोध’, ‘मानसायुर्वेद’ यांसह त्यांची लहानमोठी ग्रंथसंपदा शंभराच्या वर जाते. शिवाय ‘नावंग’ नावाची एक स्वतंत्र भाषाही त्यांनी रचली.

तरीही त्यांच्या शिक्षणदृष्टीचा सर्वांत जिवंत पुरावा पंडितांसाठी लिहिलेल्या ग्रंथांपेक्षा त्यांच्या स्त्रीगीतांत आणि ‘मोक्षपट’ या खेळात सापडतो. ज्या बाईच्या हाती पोथी कधी येणार नव्हती, तिचा हात पहाटे जात्याच्या खुंट्यावर असे, दुसऱ्या हाताने वैरण घालत ती दळत असे, आणि ओठांवर गाणे असे; त्या गाण्याच्या वाटेनेच वेदान्त तिच्यापर्यंत नेता येतो, हे त्यांनी ओळखले. ज्याला स्वतःला अक्षर दिसले नाही, त्याला निरक्षराची वाट अचूक ठाऊक असावी, यात नवल नाही.

२० सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुणे येथे त्यांचा देह पडला. त्यांच्यामागे त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी ही परंपरा पुढे चालवली, आणि शिष्यांच्या लेखणीने उतरलेले महाराजांचे बोल ‘सूक्तिरत्नावली’च्या खंडांतून छापून वाचकांच्या हाती आले.