नवरंगाचे बारसे

१७६६ साली स्वीडनच्या लिनियसने नवरंगाचे बारसे केले, आणि या हिरव्या-निळ्या पाखराला बसवले ते कावळ्यांच्या पंगतीत! त्या नावाचा अर्थ, आखूड शेपटीचा कावळा. पुढे १८१६ साली व्हिएयो या फ्रेंच पंडिताने त्याला निराळे कुळ दिले, ‘पिट्टा’. शब्द आपल्या शेजारचाच. तेलुगूत पिट्टा म्हणजे पाखरू. तामीळ माणसाने मात्र रंगाकडे न पाहता कान दिला. पहाटे नि तिन्हीसांजेला घुमणारी दुहेरी शीळ ऐकून तो त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतो.

मृगाच्या सुमारास नवरंग आपल्या कोकणात, सह्याद्रीच्या रानात येतो, पाचोळा उलथून किडे वेचतो, पिल्ले वाढवतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेची वाट धरतो. कित्येक तर थेट श्रीलंका गाठतात. रानातला पाचोळा आपण कचरा म्हणून जाळतो. तेच त्याचे ताट! ते रिकामे झाले, तर पुढच्या मृगाला शीळ कोण घालणार?