बॅटरी-स्थानांतर (मोटारीतील)

मोटारीत मूळच्यापेक्षा अधिक क्षमतेची किंवा वेगळ्या जातीची बॅटरी बसवताना ती बोनेटखालून काढून डिकीत, आसनाखाली किंवा आसनामागे नेणे. शर्यतीच्या गाड्या, मोठे इंजिन चढवलेल्या जुन्या गाड्या आणि भारी म्युझिक सिस्टिमच्या गाड्या यांत हे काम नेहमीचे आहे. बॅटरी कोणती घ्यावी आणि कुठे ठेवावी हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात. प्रत्यक्षात जागा बदलली की निवडीचे निकषही बदलतात.

पूर्वपीठिका : १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर बसवला आणि हँडल मारून गाडी सुरू करण्याची कटकट संपू लागली. स्टार्टर थोडाच वेळ चालतो, पण तेवढ्यात शेकडो अँपिअर ओढतो. म्हणून केबल आखूड हवी आणि बॅटरी इंजिनाजवळ हवी, हा संकेत रूढ झाला. तो कारखान्यांनीच अनेकदा मोडला. फोक्सवॅगन बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली असे. टर्मिनलवरचे झाकण हरवलेले असेल आणि वर वजनदार प्रवासी बसला, तर आसनाच्या पोलादी स्प्रिंगा टर्मिनलांना टेकून आग लागण्याचे प्रकार घडले. १९५९ च्या मिनीत आणि १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीतच होती. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांतही ती तिथे आढळते.

हेतू : वजनाचा समतोल हे नेहमी सांगितले जाणारे कारण. त्याचा हिशेब मांडून पाहावा. १,००० किलो वजनाच्या आणि अडीच मीटर अंतरावर चाके असलेल्या गाडीत १५ किलोची बॅटरी तीन मीटर मागे नेली, तर पुढच्या चाकांवरचा भार १८ किलोंनी कमी होतो. म्हणजे पुढे ६० टक्के असलेला भार ५८.२ टक्क्यांवर येतो. शर्यतीच्या मैदानावर याला किंमत आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्याला तो जाणवणारही नाही. शिवाय लांबलेली तांब्याची केबल स्वतःच दीड-दोन किलोंची भर घालते.

उष्णतेचे कारण मात्र आपल्याकडे अधिक सबळ आहे. तापमान १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी बॅटरीचे जे होते, ते डिकीत बरेच टळते.

निवड : वेष्टनावरचा अँपिअर-तासांचा आकडा साठा दाखवतो, सीसीए हा आकडा थंडीत स्टार्टर फिरवण्याची ताकद दाखवतो. अमेरिकी पद्धतीत उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद प्रवाह देऊनही १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टखाली जाता कामा नये. युरोपीय चाचणीच्या अटी वेगळ्या असल्याने दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणे फसवे. नागपूरच्या गाडीसाठी केवळ सीसीएवर जादा पैसे घालण्यातही फारसा अर्थ नाही.

जुन्या गाडीत अँपिअर-तास वाढवले म्हणून अल्टरनेटर बदलावा लागत नाही. विजेचा रोजचा खर्च तेवढाच राहिला, तर भरणाही तेवढाच लागतो. लाल दिव्यावर आपोआप बंद पडणाऱ्या गाड्यांत मात्र एजीएमच्या जागी साधी बॅटरी चालत नाही. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ती सांडत नाही, पण उष्णता तिला सोसत नाही. म्हणून डिकी आणि एजीएम ही जोडी जमते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी सर्वांत हलकी, मात्र गोठणबिंदूखाली ती चार्ज करू नये आणि गाडीचा चार्जिंग व्होल्टेज तिला मानवतो का, हे आधी पाहावे.

केबल : खरा खर्च आणि खरी चूक इथे होते. पाच मीटर तांब्याच्या केबलमधून २०० अँपिअर गेल्यास १६ चौरस मिलिमीटर जाडीत सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ३५ मध्ये अर्धा आणि ५० मध्ये ०.३५. पेट्रोलच्या छोट्या इंजिनाला ३५ पुरते. डिझेलचा स्टार्टर त्याहून बराच जास्त ओढतो, तिथे जाड केबलच हवी. स्वस्तात मिळणाऱ्या तांबे चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीचा रोध जास्त असल्याने हेच गणित आणखी बिघडते.

परतीचा मार्ग बहुतेक जण विसरतात. निगेटिव्ह केबल तेवढीच जाड घेऊन, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट करावी लागते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही दमदार लागते. ती कमकुवत असेल तर प्रवाह ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते. ‘सेल्फ घेत नाही’ म्हणून नवी बॅटरी घेतली जाते आणि दोष या पट्टीत निघतो.

सुरक्षितता : पत्र्याखालून गेलेली पॉझिटिव्ह केबल घासून उघडी पडली, तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. म्हणून स्टार्टरचा प्रवाह सोसणारा मोठा फ्यूज बॅटरीलगत बसवतात आणि पत्रा ओलांडताना प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घालतात. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत एअरबॅग उघडताना छोट्या स्फोटाने टर्मिनलच तोडले जाते.

चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बंद डिकीत म्हणून हा वायू वाहून नेणारी नळी थेट बाहेर काढतात. ‘सीलबंद’ बॅटरीलाही झडप असते, तिलाही नळी हवी.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे नियम, जागा बदललेल्या बॅटरीसाठी धातूची बैठक, दोन धातूचे क्लँप, किमान १० मिलिमीटरचे बोल्ट आणि पत्र्याखाली ३ मिलिमीटर जाडीची आधारपट्टी मागतात. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच माप वापरावे. जोरदार धडकेत बॅटरीची ओढ तिच्या वजनाच्या कित्येक पट होते आणि मागून सुटलेली बॅटरी माणसांच्याच दिशेने येते. शर्यतीत लागणारा मुख्य स्विच अल्टरनेटरलाही तोडणारा हवा, नाहीतर बॅटरी तुटूनही इंजिन चालूच राहते.

बॅटरी मागे गेली तरी जंप-स्टार्टसाठी बोनेटखाली झाकणाचे पॉझिटिव्ह टर्मिनल ठेवतात. डिकी फक्त विजेच्या बटणाने उघडणारी असेल तर त्यावाचून भागतच नाही, कारण बॅटरी उतरल्यावर तिच्यापर्यंत पोहोचायला मागच्या आसनावरून आत सरपटावे लागते.